गेनबाच्या हातची पसाभर ज्वारी

दगडू शेगरचा सत्कार ठेवलाय म्हणून वाचनालयाची मंडळी माझ्या मागं लागली. म्हणे, तुम्ही त्याच्या जवळचे, एखादी गोष्ट लिहून द्या, पुस्तकात छापू. मी म्हणलं, माझी शाळा चौथीत सुटली. म्हणे, चालेल. मी म्हणलं, मला वेळ नाही. म्हणे, तात्या, दिवसभर ओट्यावर तर बसलेले असता. बसणं हे काय काम नाही का?

तर घ्या.

गोष्टीत गेनबा नावाचा एक म्हातारा येतो. तो मीच. पण मी-मी करत गोष्ट सांगणारी माणसं मला बघवत नाहीत, म्हणून त्याला गेनबाच म्हणणार. गेनबा जिथं नव्हता तिथलं पल्हादनं सांगितलंय. पल्हादला खोटं लिहायचे पैसे मिळतात, त्यामुळं फुकटचं खोटं तो बोलत नाही.

"बाबा, लोक हसायचे का थांबले?"

पल्हाद घुलेनं हे विचारलं तेव्हा दगडू शेगर आपल्या झोपडीपुढं बसून खाकी कोटाला बटण लावत होता. दगडू बहुरूपी. कधी पोलीस, कधी तलाठी, कधी डॉक्टर होऊन दारात उभा राहायचा, घरधन्यावर काहीतरी भलताच गुन्हा लावायचा आणि गल्ली हसवायचा. आता गुडघे गेलेत, पण कोट अजून झटकून ठेवतो.

"थांबले कुठं?" दगडू म्हणाला. "माझी सून लावती की तुझा कार्यक्रम. हसण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत येतो."

"तो डब्यातला आहे, बाबा."

"डब्यातला?"

"आधी भरून ठेवलेला. जिथं हवा तिथं आमचा माणूस सोडतो."

दगडूनं सुई थांबवली.

"मग तुझी अडचण काय? आम्हाला असा डबा असता तर निम्मी पायपीट वाचली असती."

पल्हाद हसला नाही.

हा पल्हाद आमच्याच गावचा. मिसरूड फुटायच्या आत दगडूच्या मागं लागला, दोन सुगीचे हंगाम त्याची सोंगांची पेटी घेऊन गावोगाव हिंडला, तेव्हापासून त्याला बाबा म्हणतो. मग पुण्याला शिकायला गेला, तिथं नाटकं लिहायला लागला. पुढं मुंबई. 'खो खो पंचायत' म्हणून टीव्हीवर कार्यक्रम लागतो, त्यातला आबा त्यानंच लिहिलेला. आबा म्हणजे एक खवीस म्हातारा. लंगडत येतो, लग्नाच्या पंगतीत वाढप्याशी भांडतो, 'कोण म्हणतं?' म्हणून अंगावर धावून जातो. महाराष्ट्र हसला त्या आबावर. पल्हादला बक्षिसाच्या बाहुल्या मिळाल्या, हार मिळाले, मोठी गाडी मिळाली. गाडी आमच्या गल्लीत वळत नाही, ते सोडा.

सगळ्या गावाला ठाऊक होतं, आबा म्हणजे गेनबा.

"नीट सांग," दगडू म्हणाला.

"चॅनलला नवीन मालिका हवीय. आबाचीच, पण रोजची. लिहिलेलं आधी टेबलाभोवती बसून वाचतात, बाबा. नट असतात, चॅनलची माणसं असतात. मागच्या वाचनाला कुणी हसलं नाही. एक जण मोबाईल बघत होता. तो आमचा आबा झालेला नट होता."

"हं."

"सोमवारी पुन्हा वाचन आहे. हे पडलं तर आबा दुसऱ्याला लिहायला देणार. दोन नवी पोरं बाहेर बसलेलीच असतात. मग मला कोण बोलावतंय? मला दुसरं काहीच येत नाही, बाबा."

दगडूनं दोरा दातानं तोडला.

"मग माझ्याकडं काय मागतोस?"

पल्हाद जरा पुढं सरकला. "तुमचं जावयाचं सोंग. कुणालाच दिलं नाही तुम्ही ते. मला द्या. त्याच्यावर उभी करतो मालिका."

कोंबड्या अंगणात टोचत होत्या. दगडू त्यांच्याकडं बघत राहिला...

"देतो की," तो म्हणाला. "आधी पसाभर ज्वारी आण."

"पसाभर? बाबा, पोतं टाकतो ना. गाडीतनं..."

"पसाभर. गेनबाच्या हातची."



बहुरूप्यांची एक रीत आहे. ज्याच्यावर सोंग केलं, ज्याला सगळ्या गल्लीसमोर चोर ठरवलं, त्याच्याच हातचा पसा घ्यायचा. त्यानं हसत घातला तर झोळी पुढं करायची. नाही हसला तर झोळी मागं घ्यायची आणि पुढच्या दाराला जायचं, मग त्या रात्री चूल पेटो न पेटो. पल्हाद पेटी घेऊन हिंडला होता, त्याला हे शिकवावं लागत नव्हतं.

"बाबा, ते टीव्हीवर होतं," तो म्हणाला. "टीव्हीला कुठं दार असतं?"

दगडूनं दुसरं बटण घेतलं.

गेनबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. पल्हाद खाली उभा राहिला, चपला काढल्या, हात जोडले.

"तात्या, माफ करा मला."

"कशापायी?"

"मी तुमच्यावर लिहिलं. अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं. तुमची परवानगी घेतली नाही."

"कोणावर लिहिलं?"

"तुमच्यावर. आबा... तो तुम्हीच ना, तात्या."

"कोण म्हणतं?"

शेजारच्या ओट्यावरनं कुणीतरी फिसकन हसलं. गेनबानं तिकडं बघितलं तसं ते घरात गेलं.

"तुझा आबा डाव्या पायानं लंगडतो," गेनबा म्हणाला. "हा बघ माझा पाय. कोणता हाय?"

"उजवा."

"बैलगाडीखाली हा गेला. डावा धडधाकट हाय. तेवढं तरी बघायचं होतंस लेका."

"चुकलं, तात्या."

"आन् पंगतीत मी जिलबीसाठी भांडतो व्हय रं?"

"नाही... म्हणजे, तुम्ही भांडायचात ना? मी लहानपणी बघितलंय. बनकराच्या लग्नात तुम्ही वाढप्याच्या हातातली बादली हिसकावली होती."

"भांडलो. बादली हिसकावली. भांडणाचं मी नाही म्हणत नाही. पण ती आमटीची बादली होती. जिलबी मला दातानं होत नाही."

आतनं सगुणाबाई, गेनबाची बायको, बाहेर आली. पल्हादला बघून तिनं पाणी आणलं. गेनबा म्हणाला, पाणी कशाला, हा गाडीतनं आलाय. तिनं लक्ष दिलं नाही.

पल्हादनं तांब्या खाली ठेवला. 

"तात्या, मला फार वाईट वाटतंय. खरंच. तुमच्या जिवावर मी मोठा झालो आणि..." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हां!" गेनबा ओरडला. "हेच! हेच ते!"

पल्हाद दचकला.

"दर खेपेला तुझा आबा शेवटी हेच करतो. सगळ्यांशी भांडतो, चांगला तासभर भांडतो, मला बरं वाटायला लागतं... आन् शेवटी रडतो. हात जोडतो. 'चुकलं माझं.' मागं बासरी वाजती. मी जन्मात कुणाची माफी मागितली नाही. बापाची नाही. हिची नाही."

"माझी तर नाहीच," सगुणाबाई म्हणाली.

"आता गावातली पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात. म्हातारा कधी रडतो म्हणून. मला हसलास त्याचं मला काही नाही. हसणाऱ्याचे दात दिसत्यात. पण मला भला माणूस केलास तू, लेका. त्याचं काय करू?"

 चॅनलची माणसं म्हणायची, शेवटी डोळ्यांत पाणी पाहिजे, लोक हसून मोकळे होतात, रडले की चिकटतात. पहिल्या दोन-तीन वेळा त्यानं विरोध केला होता. मग बाहुली मिळाली.

"मला तुझी माफी नको," गेनबा म्हणाला. "सोंग कर."

"काय?"

"माझं सोंग. इथं. माझ्यासमोर. दगड्यानं एवढं तरी शिकवलं असंल ना? का नुसती पेटी उचलायचास?"

गल्लीत माणसं जमायला लागली होती. टीव्हीवाला पल्हाद आलाय म्हणल्यावर जमणारच. पल्हादनं इकडंतिकडं बघितलं. लिहायला बसल्यापासून त्यानं स्वतः सोंग केलं नव्हतं. लिहून द्यायचं, दुसऱ्यानं करायचं, तिसऱ्यानं हशा सोडायचा.

त्यानं पँटचे पाय वर दुमडले. लंगडत चार पावलं टाकली.

"पुन्हा डावाच!" गेनबा ओरडला.

पाय बदलला.

"आता वाकला कशाला? पाय मोडलाय, कंबर नाही."

पल्हाद ताठ झाला. मान वर केली, हनुवटी पुढं काढली, समोरच्या रिकाम्या हवेतनं बादली हिसकावली आणि ओरडला, "ह्या बादलीत तुझा बाप हात धुतो का? घट्ट कुठंय? तळाला डाव घाल की, का डावाला बुडायची भीती वाटती?"

हे त्यानं लिहिलेलं नव्हतं. बनकराच्या लग्नात गेनबाच हे बोलला होता. पल्हादला ते तसंच्या तसं आठवलं.

गल्ली फुटली. माणसं भिंतीला धरून हसली. सगुणाबाई तर खालीच बसली, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतनं पाणी. "तसंच," ती म्हणत होती, "अगं बाई, तसंच, असाच बोलतो मेला..."

पल्हाद घामाघूम झाला होता. त्यानं गेनबाकडं बघितलं.

गेनबा शेंगा फोडत होता.

"आता बरं केलंस," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

सगुणाबाई आत गेली, दोन्ही हातांचा पसा करून ज्वारी घेऊन आली आणि पल्हादच्या रुमालात घातली. गेनबा म्हणाला, माझ्या कणगीतली आहे ती. तिनं लक्ष दिलं नाही.

दगडूनं रुमाल सोडून बघितला.

"कुणाच्या हातची?"

"सगुणाकाकींच्या."

"गेनबा हसला?"

"...नाही, बाबा. सगळी गल्ली हसली. काकी तर लोळायच्या बाकी होत्या. पण ते नाही हसले."

दगडूनं रुमाल अंगणात झटकला. कोंबड्या धावल्या.

पल्हाद बघतच राहिला. "बाबा! मी इतक्या माणसांत... इतकी वर्षं केलं नव्हतं मी सोंग!"

"बघितलं असतं तर बरं झालं असतं," दगडू म्हणाला. "गुडघे गेले. नाहीतर आलो असतो."

"ते कुणालाच हसत नाहीत, बाबा. तसला माणूसच नाही तो."

"मला माहीत नाही व्हय?" दगडूनं कोट बाजूला ठेवला. "ते सोंग तू कुठनं उचललंस? तो डावा पाय? मीच केला होता तो, जत्रेला. देवळापुढं. माझ्या समोरनं येताना दिसला, मला डावा वाटला. सगळं गाव लोटपोट. गेनबा खांबाला टेकून उभा. मी झोळी घेऊन गेलो त्याच्या दाराला. ज्वारी बाईनं घातली."

"मग? तुम्ही घेतली?"

"लेकरं उपाशी होती."

कोंबड्यांनी शेवटचे दाणे टिपले. दगडूची सून चहा घेऊन आली. दोघांनी चहा घेतला. 

"सोमवारचं काय करू, बाबा?" पल्हादनं विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

"त्याला घेऊन जा."

"कुणाला?"

"गेनबाला. वाचनाला. समोर बसव."

"बाबा, तो माणूस हसणार नाही!"

"म्हणून तर."

गेनबा मुंबईला जायला तयार झाला, पण सहज नाही. जेवण कुठं, विचारलं. पल्हाद म्हणाला, कँटीनमध्ये. वाढपी कोण, विचारलं. पल्हाद म्हणाला, आपलं आपण घ्यायचं असतं तात्या. गेनबाला ते पटलं. त्यात भांडायला कुणी नव्हतं ही एक उणीव, पण चालवून घेतलं.

वाचनाची खोली थंडगार होती. लांब टेबल. नट, नट्या, चॅनलच्या मोठ्या बाई, त्यांना सगळे रेवतीमॅडम म्हणत. पल्हादनं गेनबाला आपल्या बरोबर समोर बसवलं. कुणी विचारलं हे कोण, तर म्हणाला, गावचे आहेत. आबा झालेला नट गेनबाला म्हणाला, नमस्कार काका. गेनबानं त्याचे दोन्ही पाय बघितले.

वाचन सुरू झालं.

पल्हादनं सगळं नवं लिहून आणलं होतं. जावई नव्हता, बासरी नव्हती. बनकराचं लग्न होतं, आमटी होती. वाचता वाचता तो दर ओळीला वर बघायचा. समोर गेनबा. एखादी ओळ खोटी आली की गेनबाच्या भुवया आखडायच्या आणि पल्हाद तिथल्या तिथं पेनानं ती ओळ मारायचा. पाठ केलेली वाक्यं गळत गेली. नट गडबडले, मग हसायला लागले, मग वाचायचं सोडून ऐकायलाच लागले. मोबाईलवाल्यानं मोबाईल उपडा ठेवला.

संपलं.

रेवतीमॅडमनं डोळे पुसले, हसून हसून पाणी आलेले. मग चष्मा लावला.

"मस्त आहे, प्रल्हाद. फक्त एक. शेवटी आबा रडत नाही?"

 बाहेरच्या बाकड्यावर ती दोन नवी पोरं बसलेली काचेतनं दिसत होती. हो म्हणलं की काम त्याचंच होतं. चार ओळी तर लिहायच्या होत्या. त्या त्याला झोपेत आल्या असत्या.

त्यानं समोर बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "रडत नाही."

"पण लोकांना लागतं ना ते. एक छोटासा इमोशनल..."

"का?" गेनबा मधेच बोलला. "मेलं कोण?"

 मग आबा झालेल्या नटानं टेबलावर हात मारला आणि सगळीच्या सगळी माणसं हसली. मॅडमही. हसता हसता चष्मा पुन्हा काढला. हशा सोडणारा माणूस कोपऱ्यात बसला होता, तोसुद्धा हसला, आणि त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "तसंच राहू दे. बघू काय होतं ते."

गेनबा इकडंतिकडं बघत होता. त्याला कळेना, विचारलं त्यात हसण्यासारखं काय होतं. मेलं कोण हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

परतताना पल्हाद गाडी थेट दगडूच्या झोपडीपाशी घेऊन गेला. दगडू बाजेवर बसला होता.

"मिळालं, बाबा. आबा माझ्याकडंच राहिला."

"हसले?"

"सगळे."

दगडूनं गेनबाकडं बघितलं.

"हा?"

"नाही," पल्हाद म्हणाला.

"हं," दगडू म्हणाला, आणि बाजेवर जागा केली. गेनबा बसला. जावयाच्या सोंगाचं विचारायला पल्हाद विसरला. दगडूनंही आठवण दिली नाही.



मग गेनबा म्हणाला, "दगड्या, पोरानं माफी मागितली. मला नको होती तरी मागितली. आन् तू?"

"मी काय?"

"जत्रेत माझा पाय चुकवलास. वर माझ्या कणगीतली ज्वारी खाल्लीस. मी हसलो नव्हतो. तुझी रीत मला ठाऊक हाय."

"खाल्ली," दगडू म्हणाला.

"मग माग की माफी."

"मागतो."

"कधी?"

दगडूनं खाकी कोट उचलला, अंगात घातला, सगळी बटणं लावली, आणि म्हणाला,

"तू हसलास की."

त्याचा सत्कार आहे म्हणे. शाल देणार, नारळ देणार. द्या. माझी माफी अजून यायचीय, आणि ती यायचीय त्याच्याकडनं, दगडू शेगरकडनं.